पालथा फोन

सूनबाई: थांबा, मला आधी नीट सांगा. मी वर गेल्यावर तुम्ही फोन बंद कसा केलात?

मिस्त्री: कसा म्हणजे? पालथा घातला. उजेड गेला, बंद झाला. त्यात काय शिकायचंय?

सूनबाई: बाबा, पालथा घातला की चित्र जातं. आवाज जात नाही.

मिस्त्री: कुठला आवाज?

सूनबाई: तुमचा. चाळीस मिनिटं थेट लोकांना ऐकू येत होता.

मिस्त्री: काहीतरीच. तूच म्हणालीस, व्हिडिओत पंधरा मिनिटं फक्त हात दिसू देत, मशीनला तेल कसं घालायचं ते दाखवा, मग सुट्टी. पंधरा मिनिटं मी मूग गिळून बसलो होतो.

सूनबाई: आणि मग ते काळं मशीन खोललंत.

मिस्त्री: खोललं. मग?

सूनबाई: मशीन खोललं की तुम्ही कधी गप्प असता का?

मिस्त्री: अगं, ते मशीनशी बोलणं. त्याला कोणी बोलणं म्हणतं का? आमचे उस्ताद सांगायचे, बोलत बोलत चाक फिरवलं की हात घाई करत नाही. पन्नास वर्षांची खोड आहे ती. किती जणांनी ऐकलं?

सूनबाई: सुरुवातीला नऊ. तुम्ही माझा विषय काढलात तेव्हा तीनशेच्या वर गेले होते.

मिस्त्री: मेलो. आणि तू वर काय करत बसलीस? कॉम्प्युटरवर तुला सगळं दिसत होतं ना? एक बटण तर दाबायचं होतं.

सूनबाई: दाबणारच होते. बोट ठेवलं होतं बटणावर. तेवढ्यात तुम्ही त्या मशीनला म्हणालात, माझा हात थरथरतो हे घरात फक्त एकीला कळलंय. मग बोट हलेचना. चुकलंच माझं. पण मला पुढचं ऐकायचं होतं.

(मिस्त्री चष्मा काढून सदऱ्याला पुसतात, पण परत घालत नाहीत.)

मिस्त्री: पुढचंही गेलं सगळीकडे?

सूनबाई: सगळं गेलं. दुपारी तुम्ही पडलात की मी खाली येते आणि तुम्ही बसवलेला एकेक स्क्रू परत आवळते, तेसुद्धा. मला वाटायचं, तुम्हाला गाढ झोप लागते.

मिस्त्री: झोपतोय कसला. स्टूल सरकल्याचा आवाज वर येतो. दीड वर्ष ऐकतोय.

सूनबाई: मग मला कधी बोलला का नाहीत?

मिस्त्री: काय बोलू? बोललो असतो तर तू ओशाळली असतीस, यायची बंद झाली असतीस. मग एखादा स्क्रू ढिला राहून सुई मोडली असती आणि कुणाच्या तरी डोळ्यात उडाली असती. माझं नाव अजून टिकलंय ते तुझ्यामुळे, हे मला कळत नाही असं नाही. पण सुनेला तोंडावर सांगायला जीभ रेटेना, म्हणून मशीनला सांगितलं. आता बसा बोंबलत. मिस्त्रीचा हात गेला हे गावभर झालं. आधीच त्या दुकानांचे पत्ते दाखवणाऱ्या वेबसाइटवाल्यांनी आपल्याला यादीत तळाला टाकलंय.

सूनबाई: एकट्या आपल्याला नाही हो टाकलं. आधी लोक शिलाई मशीन दुरुस्ती असं लिहायचे आणि जवळचं दुकान वर यायचं. आता त्या वेबसाइटच्या कंपनीने धंदाच फिरवलाय. लोक जितका वेळ बघत बसतील तितक्या त्यांच्या जाहिराती खपतात. म्हणून व्हिडिओवाले वर, नुसता पत्ता लिहिलेले खाली.

मिस्त्री: तेच म्हणतो मी. सहा महिने झाले, फोन वाजत नाही. तुझा नवरा म्हणतो, दुकान बंद करा, त्यात काही खोटं नाही. मोबाइलची कव्हरं विकणारा तो माणूस चार वाजता येतोय, पुढच्या महिन्यापासून दुकान देता का विचारायला. देऊन टाकू. निदान अब्रूनिशी बंद होईल.

सूनबाई: द्यायचं तर द्या, पण आलेले मेसेज तरी ऐका. एकाने लिहिलंय, माझं हिरवं मशीन उघडू नका, आहे तसं परत द्या.

मिस्त्री: बरोबर आहे त्याचं. ते खिडकीतलं हिरवं. बांधून ठेव.

सूनबाई: दुसरा मेसेज एका शिवणक्लासच्या बाईंचा. त्या म्हणतात, माझ्याकडे अकरा मशीनं आहेत आणि त्यावर मुली शिकतात. एकाने बसवलेला स्क्रू जिथे दुसरं माणूस तपासतं, तिथेच मला ती द्यायची आहेत. उद्या सकाळी घेऊन येते.

मिस्त्री: अकरा?

सूनबाई: अकरा. शिवाय सतरा जणांनी पत्ता विचारलाय. आणि कंपनीनेही कळवलंय की आपला व्हिडिओ ते आता जास्त लोकांना दाखवतायत. त्यांना काय, माणसं बसून राहिल्याशी मतलब.

मिस्त्री: त्या बाईंचं परत वाच बघू.

सूनबाई: वाचते, पण आधी माझं ऐका. मी ह्या घरात आले तेव्हा मला बॉबिन कशाला म्हणतात तेही माहीत नव्हतं. नोकरी सुटली होती. दिवसभर खिडकीत बसून असायचे. तुम्ही काही विचारलं नाहीत. एक बिघडलेलं मशीन माझ्यापुढे आणून ठेवलंत आणि म्हणालात, खोल, मोडलं तर मोडलं. इतका विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता, बाबा. मी स्क्रू आवळते त्यात माझे उपकार कसले? आवळायचे कसे ते तुम्हीच शिकवलंत. हे मलाही इतकी वर्षं तुम्हाला सांगता आलं नाही.

मिस्त्री: मशीनला सांगायचंस मग.

सूनबाई: सांगते की, रोज दुपारी. तेही ऐकलंत वाटतं?

मिस्त्री: नाही गं. स्टूल तेवढं ऐकू येतं. शब्द नाही पोचत वरपर्यंत.

सूनबाई: बरं, चार वाजता तो आला की काय सांगू?

मिस्त्री: जागा रिकामी नाही म्हणावं. तुझ्या नवऱ्याशी मी बोलतो. आणि तो फोन लाव परत.

सूनबाई: आत्ता? कशाला?

मिस्त्री: मघाशी नकळत बोलून गेलो. तुझे आभार असे चोरून मानलेले बरे दिसत नाहीत. आता कळून सवरून बोलतो.

सूनबाई: लावते. मघासारखाच ना? फक्त तुमचे हात दिसतील असा?

मिस्त्री: जरा मागे घे. चारही हात दिसू देत. आणि स्टुलावर तू बस, मी शेजारी उभा राहतो.