जाग्याव सापडलं पायजे

मी निरवांगीचा. जातीनं मातंग, घर हलगीवाल्यांचं, आन् पोटाला केरसुण्या. शिंदीची पानं आणायची, सुकवायची, झोडायची, बांधायची, आन् इंदापूरच्या बाजारात घेऊन बसायचं. दिवाळीत लोक केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू लावत्यात, आन् ती बांधणारा मी ख्रिस्ती, म्हंजी तुमी लिवून घेताय म्हणून सांगतो ताई, माजं समदंच असं दोन्हीकडचं.

आई लोणी भापकरची, गजराबाई तिचं नाव. मी तरणा व्हतो तवा तिला पोटाचं मोठं दुखणं झालं, बारामतीला दवाखान्यात ठेवली. शेजारच्या खाटंवरच्या पेशंटासंगं एक ख्रिस्ती बाई व्हती, ती आईसाठी रोज प्रार्थना करायची, आईचं लुगडं धुवायची, जात इचारली न्हाय का गाव इचारलं न्हाय. आई बरी हून घरी आली ती येशूचीच हून आली. पुढं आमी दोघांनी नीरा नदीत कमरंएवढ्या पाण्यात उभं राहून बाप्तिस्मा घेतला. आईनं गावाला सांगितलं, मी लपवलं. फरक यवढाच, पर त्येच्यातच माजा जलम गेला.

मरीआईच्या जत्रंत पयली हलगी आमच्या घराची. आई म्हणायची, सरळ सांग, मी येशूचा हाय, देवीपुढं वाजवत न्हाय. मी सांगायचो, बोटं सुजल्यात. दरसाली सुजायची. गाव हसायचं, लखूची बोटं जत्रंलाच कशी वो सुजत्यात, आन् मी बी हसायचो, बोटाला चिंधी बांधून फिरायचो. आई चिंधीकडं बघायची.

तिला वाचता येत न्हवतं, पर बायबल बाजाराच्या पिशवीत घालून दर रविवारी प्रार्थनेला जायची. शेवटी शेवटी अंथरूण धरलं तवा मला जवळ बसवून म्हणली, लखू, मला जाळू नगा. इस्तवाला मी भेत न्हाय. पर प्रभू यील तवा मला नावानं हाक मारंल, तवा मी जाग्याव सापडलं पायजे. मला मातीत ठिवा, दगडाव क्रूस काढा, बास. मी व्हय म्हणलो. तिच्या डोक्याव हात ठिवून व्हय म्हणलो ताई.

त्याच दिवसांत माजा परकाश मिल्ट्रीच्या भरतीत पास झाला व्हता. चार वरसं पळत व्हतं पोरगं, रोज पहाटं कॅनॉलच्या कडंनं. निवड झाली, त्यो पुढच्या कागदांसाठी आन् ट्रेनिंगसाठी निघून गेला, गावातली पोलीस पडताळणी तेवढी राह्यली व्हती, आन् त्याच आठवड्यात आई गेली. आमचा चुलता नामदेव आबा शेजारीच ऱ्हातो. त्यो आला, मला बाजूला घेतलं आन् म्हणला, लखू, मातारीचं खूळ मातारीसंगं जाऊ दे. चौकशीला पोलीस येत्याल, दारात क्रूस दिसला तर पोराच्या कागदाव काय लिवत्याल? आपलं का परकं?

फौजेचा नेम काय हाय, आबाला ठावं न्हवतं, मला बी न्हवतं. पर मी इचारायला बी गेलो न्हाय.

तेवढ्यात आईच्या प्रार्थनेच्या पाळकसायबांचा फोन आला. लखू, आईचं कळलं, दफनाची जागा बघितलीय, गाडी घिऊन निघतो. आबा शेजारीच बसला व्हता. मी म्हणलो, राँग नंबर. पुन्हा वाजला, मी बंद करून खिशात ठिवला. दुपारी आईला जाळली. परकाशला फोनवर आज्जी गेली यवढंच कळवलं. राख नीरंत सोडली, जितं तिनं बाप्तिस्मा घेतला तितंच.

दहाव्याला घाटाव पिंड ठिवला. मी डोकं भादरून बसलो व्हतो. झाडाव कावळं बक्कळ, पर पिंडाला एक शिवंना. लोक म्हणाले, मातारीची काय तरी इच्छा राह्यली. एकजण म्हणला, गजराबाई, तुजी म्हस आमी सांबाळू. कावळा न्हाय. दुसरा म्हणला, नातवाचं लगीन थाटात करू. न्हाय. मग आबा म्हणला, लखू, तू लेक, तुला ठावं असंल, बोल. समद्या गावाची नजर माज्याव. मला ठावं व्हतं वो. चार शब्द बोलायचं व्हतं, आन् कावळ्याव माजा इस्वास न्हाय, तरी त्या टायमाला वाटलं, ह्यो माज्याच तोंडातनं निघायची वाट बघतोय. मी हात जोडलं आन् म्हणलो, आई, परकाश देशाच्या वर्दीत हुबा ऱ्हाईल, काळजी करू नगंस.

आन् कावळा शिवला.

लोकांनी डोळं पुसलं. मातारीचा जीव देशात अडकला व्हता म्हणले. पंधरा ऑगस्टला शाळंत झेंड्यापुढं गुरुजींनी ही गोष्ट माईकवर सांगितली, मला जवानाचा बाप म्हणून शाल आन् नारळ दिला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ घेतला. बायबलात प्रभूचा चेला पेत्र हाय, त्येनं प्रभूला वळखत न्हाय म्हणलं तवा कोंबडा आरवला, आन् पेत्र बाहेर जाऊन रडला तरी. मला कावळ्यानं सर्टिफिकेट दिलं, आन् मी शाल पांघरून घरी आलो.

परकाश पयल्या सुट्टीला आला. जेवता जेवता मला म्हणला, दादा, आमच्या पलटणीत एक केरळचा नायक हाय, गळ्यात क्रूस हाय, रविवारी उघड प्रार्थनेला जातो, कोण काय म्हणत न्हाय. मी बी जातो त्येच्यासंगं. मग म्हणला, आज्जीला कुठं ठिवलंय? उद्या जाऊन फुलं वाहतो. माजा घास हातातच राह्यला. देशानं माज्याकडं आई मागितलीच न्हवती वो ताई. मीच नेऊन दिली.

मी त्येला खरं सांगितलं. त्येनं उठून ताट धुवून ठिवलं. सकाळी उठून नीरंच्या कडंला गेला, फुलं पाण्यात सोडली आन् आला. त्येनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. आता फोनवर समदं इचारतो, म्हशीचं, पावसाचं, आज्जीचं तेवढं काढत न्हाय.

आता प्रार्थनेला मी परत जातो, मागं दाराजवळ बसतो. पाळकसायेब राँग नंबरचं कधी बोलले न्हाईत, माजा हात हातात घेत्यात. प्रभू माफ करतो म्हणत्यात, करत बी असंल. पर त्येनं आईला हाक मारली तर ती कुठनं उठायची, ह्येचंच मला कोडं पडतं. पाळकसायेब म्हणत्यात, नदीतनं बी उठवंल. तेवढंच धरून हाय.

तुमी लिवून घेतलं, बरं केलं. आईचं नाव खरं लिवा, गजराबाई, ती ख्रिस्ती व्हती म्हणून लिवा. जावा आता, उशीर व्हईल. प्रभू तुमचं भलं करो ताई. जरा हळू म्हणलो, ऐकू आलं ना? आबा अंगणात बसलाय.