डोळेझाक हाच शब्द लिहावा

दि. १४ मार्च २००२

मी, सौ. हेमा गोपाळकृष्ण बापट, वय ४६ वर्षे, धंदा हायस्कूलात इंग्रजीची शिक्षिका, रा. पूर्णगड, ता. जि. रत्नागिरी. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे यजमान गोपाळकृष्ण राहतो. घरामागे आमची आंब्याची बाग आहे. रानडुकरे नवी कलमे उकरतात म्हणून यजमानांनी बागेभोवतीच्या दगडी गडग्याच्या आतून उघडी तार ओढून तिला घरातली वीज जोडली आहे. हे बेकायदा आहे, हे आम्हा दोघांना माहीत होते. संध्याकाळी बटण दाबण्याआधी ते पडवीतून "तार चालूऽऽ" अशी हाक मारत. बागेत कोणी असले तर ओ देऊन बाहेर येई. हाक मारल्याशिवाय बटण दाबायचे नाही, असा आमचा रिवाज होता.

मयत सोनूबाई शेजारच्या वाडीतली. भाताची रोपे टाकायची जमीन भाजण्यासाठी ती दरवर्षी आमच्या बागेतला पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, गोळा करून नेई. काल दिवेलागणीला यजमान बटणापाशी गेले तेव्हा तिची पातेऱ्याने भरलेली बांबूची डाली गडग्यावर होती. मी म्हटले, "सोनूबाई आहे अजून. हाक मारा." यजमान डालीकडे बघून म्हणाले, "अगो, रोज काय कोकलायचं? गेली असेल ती. बातम्या लागल्या." त्यांनी बटण दाबले. मी दुसऱ्यांदा म्हटले नाही. आत जाऊन भात लावला.

आज सकाळी तिचा मुलगा शिवा रात्रपाळीवरून परतला व आईला शोधत बागेत आला. ती तारेपाशी पडलेली होती. शिवाने मला विचारले, "बाई, माझ्या आवशीला काल हाक दिल्यानी नाय काय?" मी तशीच ठाण्यात यायला निघाले.

हवालदारांनी प्रथम "यजमानांचे दुर्लक्ष झाले" असे लिहिले. मी हरकत घेऊन 'डोळेझाक केली' असे लिहायला सांगितले. ते म्हणाले, "बाई, अर्थ एकच हो. घरच्या माणसाचं जरा बघा."

अर्थ एकच नाही. 'टर्न अ ब्लाइंड आय' हा इंग्रजी वाक्प्रचार मी नववीला शिकवते. त्याला सोपा शब्द म्हणून मुले 'इग्नोर' लिहितात व मी पूर्ण गुण देते. पण इग्नोर करणाऱ्याने नीट पाहिलेच नसेल, असेही होते. ब्लाइंड आय करणाऱ्याला आधी दिसावे लागते. त्यातून काय होईल तेही कळावे लागते, आणि मग तो मान वळवतो. यजमानांना डाली दिसली होती. मलाही दिसली होती. म्हणून डोळेझाक हाच शब्द लिहावा.

माझे यजमान वाईट मनुष्य नाहीत. ते तुरुंगात जावेत अशी माझी इच्छा नाही. मला फार भीती वाटते. तरी शब्द बदलू नये.

जबाब मला वाचून दाखवला. यजमान दाराबाहेरच्या बाकावर बसले असल्याने त्या शब्दापाशी हवालदारांनी आवाज उतरवला. मी त्यांना तो पुन्हा, मोठ्याने वाचायला लावला. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. बरोबर आहे.