उशिरा विझणारे खडे

नाही हो, मंगळवार होता. तुम्ही फलकावर बुधवार लिहिलाय, तेवढं आधी दुरुस्त करा. मंगळवार – कुकर लावला होता, मी मशीनवर शेजारणीच्या उशांचे अभ्रे शिवत बसले होते, दोरा सारखा तुटत होता, आणि फोन आला. कुणाचा? तुमच्या संस्थेच्या पहारेकऱ्याचा. एवढे मोठमोठे शास्त्रज्ञ तिथे, पण फोन करायला पहारेकरी! म्हणाला, ‘तुमच्या ताई पडल्यात, लगेच या.’ पडल्यात म्हणे. ताई तेव्हा गेलेली होती.

बसा, उभ्याने काय ऐकताय. नको, वाचून दाखवू नका, वाचलंय मी. ‘लहान मुलांचा स्कॅन अगदी कमी किरणांत करणारं हे यंत्र – त्यांनी त्याचं स्वप्न तेव्हाच पाहिलं होतं.’ कुणी लिहिलं हे? तुम्ही? अहो, माझ्या सख्ख्या बहिणीला स्वप्नं पडायची ती चष्मा हरवल्याची! यंत्रबिंत्र तिच्या मनात कधीच नव्हतं. ती अभ्यासायची त्या स्फटिकांवर, म्हणजे खड्यांवर, किरण पडला की ते चमकतात – चमकायचं आणि लगेच विझायचं, तो चांगला खडा. काही खडे मात्र विझायचेच नाहीत, मंद उजळत राहायचे. ते खराब म्हणून तुमच्याकडे कचऱ्यात जायचे – आणि ही बाई ते वेचून आणायची! का? तर हे विझत का नाहीत, एवढंच तिला कळायला हवं होतं. बस. पुढे त्यांत उजेड साठून राहतो, म्हणून थोडे किरण पुरतात, हे दुसऱ्यांनी तिचं वाचून शोधलं. चांगलं झालं. पोरांचं भलं होतंय, मला का वाईट वाटेल?

पण दरवर्षी तुमची समिती विचारायची, ‘बाई, याचा उपयोग काय?’ आणि ती म्हणायची, ‘अजून माहीत नाही.’ मी म्हणायचे, अगं, दे ठोकून काहीतरी, बाकीचे देतातच की – कुणी रोग पळवतो, कुणी वीज फुकट वाटतो! ती म्हणायची, ‘चिमे, मला ठाऊक नाही ते मी सही करून कसं सांगू?’ झालं. उपयोग नाही, तर मदतनीसही नाही. हाताखालची हुशार मुलगी काढून घेतली, हिला जिन्याखालची खोली दिली. त्या खोलीचे काळे पडदे मी शिवलेत – दुहेरी कापड, शिवणीवर पुन्हा पट्टी. सुईच्या भोकाएवढा उजेड आत आला की मोजमाप वाया. बाहेर लाल दिवा. दिवा लागलेला असला की दार उघडायचं नाही, ठोठावायचंही नाही – चांगला नियम, तिनेच घालून दिलेला. त्या दिवशी दिवा सकाळपासून लागलेला. जेवायच्या सुट्टीत लागलेला, चहाच्या वेळी लागलेला. सगळे दारावरून गेले-आले – कुणी उघडलं नाही! संध्याकाळी पहारेकरी कुलपं लावायला आला तेव्हा – नाही, तुम्हीच सांगा, आत दुसरं माणूस असतं तर? डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तर कदाचित. कदाचित! काय करू मी त्या कदाचितचं? पडदे तरी मी जरा ढिले शिवायला – जाऊ दे. ते नका लिहू.

मान काय हलवताय? तुमचा दोष नाही, तुम्ही तेव्हा शाळेत असाल. पण फलकावरचं हे यंत्राचं एक वाक्य तिने तोंडातून काढलं असतं ना, तर मदतनीस राहिली असती, आज ताईच तुम्हाला इथून हाकलत असती. तिने नाही काढलं. आणि आता ती बोलू शकत नाही, म्हणून तेच तिच्या फोटोखाली छापणार? वर माझी संमती हवी? नाही मिळायची. फोटोही नाही मिळायचा.

लिहायचंच असेल तर लिहा – उपयोग काय ते तिला माहीत नव्हतं. लिहाल? साहेब नाही म्हणतील, हो ना? मग उचला तो फलक. जिन्यात जपून, भिंतीचा रंग ओला आहे. आणि साहेबांना सांगा, त्या दिवशी ती जो खडा मोजत होती, त्याचं मोजमाप अर्ध्यावर राहिलंय. कुणी पुढे केलेलं नाही.