दादांच्या छातीवरची पट्टी

अरे, आमच्या दादांच्या, म्हंजे वडलांच्या, काळजात स्टेंट बसवला, तेव्हाची गंमत ऐका. हल्ली मनगटातूनच नळी घालतात, त्यामुळं दादा आमच्या गावी, ढोकीला, परत आले ते हातावर एवढीशी पट्टी घेऊन. वजन उचलायचं न्हाय, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "हात मुरगळला व्हय? चला की ऊस भरायला!"

दादांनी खरं सांगितलं, तर शेजारचे सलीमचाचा हसले, "हातातून काळजात? आमाला येडं बनवायलाव का?"

शेवटी आईनं दादांच्या छातीला रुंद पट्टी गुंडाळली. लगेच शहाळी यायला लागली, ऊस भरायचं नाव कुणी काढंना.

तपासणीला डॉक्टर चक्रावले, "छातीला काय झालं?"

दादा म्हणाले, "काय न्हाय साहेब. मनगटाची पट्टी काळजासाठी होती, ही गावासाठी हाय."