लिहा, पत्रूच होता

— हाव फॉरेस्टच्या मॅडम, लिहा न, लिहा. पत्रूच होता. दुसरा कोण राहीन? जिप्सी त्याचीच आहे, चालवत कोण होतं एवढंच पाह्यजे न तुमाले? फोटोत ड्रायव्हरचं तोंड दिसत नाई तं काय झालं, मी सांगतो न! पिल्लं घेऊन पाण्यावर चाललेल्या वाघिणीले गाडी आडवी लावाची, पाहुण्याईले फोटो भेटला पाह्यजे म्हणून — हे त्याचंच काम. बाबूभाई पंक्चरवाल्यानं सांगतलं म्हणून लिहा. चहा घेसान? — बरं, राह्यलं.

मी काऊन एवढा जळतो म्हणता? अहो, मी काई जल्मापासून पंक्चर नाई काढत. जंगलाच्या याच गेटवर जिप्सी चालवत होतो मी, अन् हा पत्रू आमचा जिप्सीवाल्याईचा अध्यक्ष. त्याच्या साळ्यानं अशीच गाडी आडवी लावली एक डाव, मोठे पाहुणे बसले होते न गाडीत! वाघीण बिचकली, पिल्लू एकीकडं अन् माय एकीकडं. मी मागच्याच गाडीत. वाघीण दिसली की इंजन बंद, हालाचं नाई, तिले वाट देयाची — हा आमचा कायदा. चौकशी लागली तं पत्रू घरी आला, माझ्या बायकोच्या, शकिलाच्या हातचा चहा पेला, अन् म्हणते, 'बाबू, वाघीणच गाडीजवळ आली असं सांगजो.' मी म्हंतलं, नाई सांगत. खोटं कायले सांगू? बस! दुसऱ्या दिवशी फॉरेस्टच्या साहेबापुढं उभा राहून म्हणते, गाडी बाबूचीच होती. बाकीचे ड्रायव्हर? — एकाच्या तोंडातून शब्द नाई निंगाला. माझा गेट बंद. वरून गावभर बोंब, हाच तो वाघिणीले छळणारा. माझी फरहा शाळेतून रडत याची हो. तेव्हा तुमच्यासारखं दुकानात येऊन मले कोणी इचारलं नाई.

म्हणून म्हणतो, लिहा! होऊ द्या त्याचा बी गेट बंद. कायमचा. मी पेढे वाटतो पेढे!

बोलचाल? थू! तोंड पाहत नाई मी त्याचं. — म्हणजे, पाह्यलं. एकच डाव. मजा आली न मॅडम, ऐका तं खरं! मोटरसायकल ढकलत आला, मागचं चाक बसलेलं. या रस्त्यावर दुसरं दुकान आहे कुठी? घाम गळून राह्यला, अन् म्हणते, 'बाबूभाई, बनवून दे गा.' भाई! आता भाई झालो मी! म्हंतलं, बस. अन् असा बसवला! पहिले ट्रॅक्टरचं टायर काढलं, मंग सायकलीत हवा भरली, मंग बिडी पेलो, मंग उगाच पाने पुसत बसलो. सकाळच्या साऱ्या जिप्स्या त्याच्यासमोरून जंगलात गेल्या, त्याची बी गेली, कोणीतरी दुसरा ड्रायव्हर होता — अन् त्या वापस भाईर निंगाल्या तरी हा इथीच, उन्हात! पाणी बी नाई इचारलं मी. कलेजा थंडा झाला माझा. — कधी म्हणजे? हे काय, याच रविवारी, सकाळ—

ते लिहू नोका.

मॅडम, ठेवा न पेन. उगाच बोललो मी. शनिवार राहीन तो. — हाव, वाघिणीची भानगड रविवार सकाळचीच, मले मालूम आहे, सारा गाव तेच बोलून राह्यला! माझ्याकडं असं पाहू नोका. तो खोटं बोलला तं अध्यक्षाचा अध्यक्षच राह्यला, मी खरं बोललो तं इथी ग्रीसमधी हात काळे करून राह्यलो. एक डाव मी बी बोललो खोटं तं काय आभाळ कोसळते? एका शब्दात गार होते तो. एका शब्दात! अन् एवढ्या वर्षानं सापडला न मॅडम हातात...

हट्! मेलं हे तोंड!

लिहा. रविवारी सकाळी पत्रू इथी होता. आणा इकडं, सही करतो. पण माझं नाव लपवाचं नाई, सांगून ठेवतो! गेटवर साऱ्या जिप्सीवाल्याईले जमा करा, पत्रूले मधात उभं करा, अन् मोठ्यानं वाचा — बाबूभाईनं सांगतलं म्हणून पत्रू सुटला. त्याच्या बायकोले समजू द्या, साळ्याले समजू द्या. रोज गेटवर जाईन न तो, माझ्या मेहेरबानीवर जाईन. गिळू दे त्याले हे मरेपर्यंत.

निंगा आता. माफी मागाले वगैरे त्याले इकडं पाठवू नोका, नाई तं टाळक्यात पाना घालीन मी त्याच्या.