पिकअपमधली बाटली

तेजश्री : पायाचा अंगठा वळला, मावशी; करंट बरोबर लागतोय. तळपायाला मुंग्या येतायत ना? जास्त वाटलं तर सांगा, करंट कमी करते.

भागीबाई : ऱ्हाऊ द्या. सहा आठवडे झाले, सवय झाली. एवढंच सांगा, सोमवारी मी टोळीत जाऊ का नको? निफाडला द्राक्षाची विरळणी सुरू व्हायचीय. बारा बाया माझ्या भरवशावर हायेत, आन् मी दोन महिने पाय दुखतो आसं सांगून घरात बसले.

तेजश्री : डॉक्टर आज तेच ठरवणार आहेत, तुमचा तक्ता बघून. पहिल्या आठवड्यात दिवसाला चौदा वेळा लघवी, आता पाच. आणि चार दिवसांत एकदाही कपडे ओले नाहीत. इतक्या लवकर फरक पडलेला मी कुणाला पाहिला नाही.

भागीबाई : मंग झालं की. गुणाचं मशीन हाये तुमचं.

तेजश्री : वैष्णवी, सासूबाईंचा तक्ता तूच भरतेस ना?

वैष्णवी : हो. आत्याबाई सांगतात तसं लिहिते.

तेजश्री : मग हा रकाना रिकामा का? पाणी किती प्यायल्या, तो.

(वैष्णवी सासूकडे बघते. मशीनचा बारीक आवाज येत राहतो.)

तेजश्री : मावशी, आज सकाळपासून किती पाणी प्यायलात?

भागीबाई : च्या घेतला अर्धा कप.

तेजश्री : पाणी विचारतेय मी.

भागीबाई : ताई, पिकअपमध्ये चढायचं आसंल तर पाणी प्यायचं नसतं. बागेत आडोसा कुठं हाये? पानं काढली की बाग उघडी पडती, आन् औषध मारणारे गडी समोरच. पंचवीस वर्षं सकाळी दोन घोट, मंग डायरेक घरी आल्यावर. टोळीत नवी पोरगी आली की पहिल्या दिवशी हेच शिकवते मी. दवाखान्यात येतानाबी तेच केलं. हल्ली घरीबी तसंच, सोमवारच्या सरावासाठी.

तेजश्री : अहो, लघवीची पिशवी अर्धीसुद्धा भरलेली नसताना 'चल, पळ' असा निरोप येतो, हा तुमचा आजार. घोट्याजवळची ही नस कमरेत जिथं पोचते, तिथूनच लघवीच्या पिशवीचाही कारभार चालतो. इथून करंट देऊन त्या जागेला आपण दम धरायला शिकवतोय. पिशवीत काही नसेलच, तर ती शिकली की नाही हे मला कळणार कसं? आणि लघवी घट्ट झाली की पिशवी जास्तच चिडते. जळजळ होते ना?

भागीबाई : होती.

तेजश्री : मग बोलला का नाहीत?

भागीबाई : तुम्ही एवढं मन लावून करता, तुमच्या तोंडावर नाय कसं म्हणू? आन् फरक नाय म्हणले तर बंद करतील, हेबी भ्याव.

तेजश्री : मी डॉक्टरांना सांगून बसलेय, मावशी बऱ्या झाल्या म्हणून. आता मला परत जाऊन खरं सांगावं लागेल. सोमवार विसरा. आधी लघवी तपासू, मग नीट पाणी पिऊन पुन्हा पहिल्यापासून मोजू.

भागीबाई : पाणी पिऊन मी पिकअपमध्ये बसू? छाटणीच्या टायमाला चांदवडवरून येताना डायवर रावजीनं ब्रेक दाबला, आन् माझं सगळं गेलं. गोणपाट भिजलं, शेजारी बसलेल्या कमळाबाईच्या लुगड्याला लागलं. मी म्हणले, पाण्याची बाटली सांडली. कुणी काय विचारलं नाय म्हणून वाचले. दुसऱ्यांदा काय सांगू? त्या दिवशी जीव गेला आसता तर बरं, आसं झालंतं मला.

वैष्णवी : आत्याबाई, बाटली कुणाकडंच नव्हती.

भागीबाई : म्हंजे?

वैष्णवी : आपल्या टोळीत बाटली कोण नेतं? तुम्हीच नेऊ देत नाय. सगळ्यांना तेव्हाच कळलं होतं. तुम्ही उतरून गेल्यावर कमळाबाई म्हणली, भागीबाईसमोर कुणी हा विषय काढायचा नाय.

भागीबाई : मंग दोन महिने मी कुणापासून तोंड लपवलं?

वैष्णवी : त्या तुमचा पाय बघायला येतात, तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपता. कमळाबाईनं मला दवाखान्याचं नाव विचारून ठेवलंय. पायासाठी नाय.

भागीबाई : तिलाबी?

वैष्णवी : अजून दोघी हायेत.

भागीबाई : आन् तुला?

वैष्णवी : जळजळ होते. दसऱ्यापासून.

भागीबाई : एका घरात राहतो आपण. बोलली नाय.

वैष्णवी : तुम्ही तरी जळजळीचं कुठं बोलल्या.

तेजश्री : वैष्णवी, तू आज काय प्यायलीस?

वैष्णवी : एसटीनं परत जायचंय ना, ताई.

भागीबाई : सोमवारी तू जा टोळी घेऊन. माझी जुनी दोन लुगडी ने, बागेच्या टोकाला चार बांबू रोवून आडोसा कर. मालक बोलला तर म्हणावं भागीबाईनं सांगितलंय. पंचवीस वर्षांत एवढं सुचलं नाय मला. पोरींना तहान मारायला शिकवत बसले.

तेजश्री : मावशी, पाय हलवू नका. अजून अकरा मिनिटं आहेत.

भागीबाई : नाय हलवत. ताई, दोन गिलास पाणी आणता का? पहिला हिला द्या. माझ्यासमोर पिऊ द्या तिला.