न फोडलेला नारळ

(पातूरजवळ तलावाचं खोदकाम. सन १९६१, दसऱ्यानंतरचा चौथा दिवस. बंद पडलेल्या खोदाईच्या मशीनजवळ तिघं : मेकॅनिक डोमाजी, मशीन चालवणारा पंजाबराव आणि ओव्हरसिअर केशवराव.)

केशवराव : …म्हणून सांगतो, हा नारळ घे, त्या बाया बघतायत तोवर मशीनपुढे फोड आणि मोकळा हो. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस. याहून सोपं मला सांगता येत नाही.

डोमाजी : नारळ तिकडं ठेवा, साहेब. माह्या हातात पाना हाये.

केशवराव : पाना तीन दिवस हातात आहे तुझ्या. दसऱ्याला सगळ्यांनी मशीनची पूजा केली, तू तेवढा नव्हतास. दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास चालते आणि बंद पडते. माती वाहणाऱ्या बाया काय बोलतात, ऐकलंस ना?

डोमाजी : ऐकलं. मेकॅनिक पूजेले नव्हता, म्हनून मशीन रुसली. पन मी लपून नव्हतो बसलो. नागपूरले गेलो होतो. पाच वर्सं झाली, जिथं दीक्षा घेतली तिथं दर दसऱ्याले जातो. सुट्टीच्या अर्जावर तुमचीच सही हाये.

केशवराव : तेच आता माझ्या अंगाशी आलंय. अरे, तुझा धर्म कोणी मागत नाहीये. एक नारळ. काय जातं तुझं?

डोमाजी : जाते, साहेब. माह्या बापाले देवळाची पायरी चढू नाई देल्ली कोनी. जलमभर दुरूनच हात जोडले त्यानं. आता मी माह्या मनानं तिकडं जानं सोडलं, तं तुमी म्हनता, ये, फोड नारळ. तवा नाई म्हनाले तुमी, आता मी नाई म्हनतो.

पंजाबराव : साहेब, जरा दम धरा ना. थो नळी खोलून राहिला.

डोमाजी : पंजाबभाऊ, तू सांग. आता बंद पडली तं कशी पडली? झटक्यानं का हळूहळू?

पंजाबराव : हळूहळू. आधी दम लागते तिले. बकेट मातीत घुसली का आवाज बसते, गचके खाते, अन् मंग गप. तासभर उभी ठेवली का पुन्हा चालू, जसं काई झालंच नाई.

केशवराव : डिझेलमध्ये पाणी आहे. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

डोमाजी : सकाळी टाकीच्या बुडातून ही शिशी भरून काढली. उजेडात धरा. पानी असतं तं खाली बसलं असतं. दिसते का?

केशवराव : नाही दिसत.

डोमाजी : फिल्टर नवा टाकला. नळ्यायतली हवा काढली. पंप खोलून पाहिला, थो साबूत हाये. आता पंपाजवळची नळी सोडली. पंजाबभाऊ, खाली डबा धर. काय येते?

पंजाबराव : धार येते. बारीक हाये. अजून बारीक होऊन राहिली. आता थेंब. आता थेंबबी नाई.

डोमाजी : टाकीत किती हाये?

पंजाबराव : भरपूर हाये. सकाळी मीच भरली, काठोकाठ.

डोमाजी : भरली टाकी वर, नळी खाली, तरी धार नाई. डबा तसाच धर. मी वर चढून टाकीचं झाकन फिरवतो. साहेब, तुमीबी कान द्या.

पंजाबराव : अरे बापा. फुस्स झालं. धार सुटली, डोमाजी. माहा हात भिजला पुरा.

केशवराव : काय केलंस तू?

डोमाजी : काई नाई. टाकीले श्वास घेऊ देल्ला. डिझेल खाली गेलं का तेवढी हवा वरून आत याले पाहिजे. त्यासाठी झाकनाले बारीक भोक असते. हवा नाई आली का टाकी डिझेल सोडत नाई, इंजिन उपाशी मरते. उभी ठेवली का कुठून तरी फटीतून थोडी हवा शिरते, म्हनून तासाभरानं पुन्हा चालते. हे घ्या झाकन. भोक शोधा.

केशवराव : इथं तर शेंदूर आहे. चांगला थर बसलाय.

डोमाजी : तेलात कालवलेला. वाळून टनक झाला. मीबी तीन दिवस खालून शोधत बसलो. टाकी भरलेली हाये म्हनून वर पाहिलंच नाई. तेवढी चूक माही.

पंजाबराव : शेंदूर मी लावला.

केशवराव : तू गप्प बस, पंजाबराव.

पंजाबराव : कावून गप बसू? पूजा मीच केली. बाया म्हने, मशीनीचं कपाळ कोनतं? मी म्हनलं, कपाळ राहू द्या, ज्या तोंडानं थे पेते तिथं लावतो. चांगला दाबून लावला. अन् मंग तीन दिवस बाया बोलत होत्या, का हे डोमाजीमुळं झालं, तं मी मान हालवत होतो.

डोमाजी : हालवतानी पाहिलं मी.

पंजाबराव : पाहिलं? मंग बोलला कावून नाई?

डोमाजी : मशीन बंद होती. आधी थे पाहाचं होतं. अन् शेंदराचा राग नाई मले. लाव ना. बकेटीले लाव, दरवाज्याले लाव. भोक तेवढं सोड.

केशवराव : बरं, ऐका दोघंही. मशीन चालू होईल, उत्तम झालं. पण बाया काम सोडून, टोपल्या उलट्या घालून बसल्यात. पूजेच्या शेंदरानंच बंद पडली म्हटलं तर आणखी बिथरतील. तेव्हा डोमा, नारळ तू फोडू नकोस. मशीनच्या मागच्या बाजूला पंजाबराव फोडेल. मी फक्त सांगेन की तू फोडलास. कोण बघायला येतंय?

डोमाजी : हे तं पहिल्यापक्षा वाईट, साहेब. पहिले तुमी मले वाकवत होते. आता मी नाई वाकलो तरी वाकला म्हनून सांगनार.

केशवराव : घरच्यांचा विचार कर. चार तोंडं आहेत खाणारी.

डोमाजी : पाच. त्यायले मी सांगीन, मशीन दुरुस्त केली अन् नोकरी गेली. थे समजून घेतील. नारळ फोडला अन् नोकरी राह्यली, हे मले घरी सांगता नाई येनार. तुमाले काढाचं हाये तं काढा. पन कागदावर लिहा. बिघाड यानं शोधला, मशीन यानं चालू केली, नारळ नाई फोडला म्हनून काढला. खाली तुमची सही करा.

केशवराव : असं कोणी लिहून देत नाही, डोमा.

डोमाजी : डोमाजी. हजेरीत पुरं नाव हाये. अन् लिहिता येत नाई, तं काढताबी येत नाई.

केशवराव : मग त्या बायांना काय सांगू मी?

पंजाबराव : तुमी नका सांगू. मी सांगतो. भोक मी बुजवलं, यानं मोकळं केलं.

केशवराव : तुझ्याच गावच्या आहेत त्या. जन्मभर हसतील तुला.

पंजाबराव : हासू द्या. तीन दिवस यानं ऐकलं, मी काई मेनाचा नाई. चाल डोमाजी, तूबी ये संग.

डोमाजी : मी कावून? तुले बोलता येते ना.

पंजाबराव : येते. पन तू समोर उभा राह्यला, का मले आर्धं सांगून परत फिरता नाई येनार.